लिनक्स संगणकावरील निद्रा व शीतनिद्रा : अदृश्य पर्यायांची कारणमीमांसा

१. विषयप्रवेश

संगणक बंद करण्याच्या सूचीत 'बंद करा' व 'पुन्हा सुरू करा' हे शब्द दिसतात. परंतु 'स्लीप' किंवा 'हायबरनेट' हे शब्द दिसत नाहीत, असा अनुभव लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या पुष्कळांस येतो. आधीच्या आवृत्तीत असलेला पर्याय नव्या आवृत्तीत नाहीसा होतो; क्वचित् एकाच खोलीतील दोन सारख्या यंत्रांपैकी एकावर तो असतो व दुसऱ्यावर नसतो. अशा वेळी पर्याय 'हरवला' असे समजून तो सूचीत परत आणण्याचे उपाय शोधले जातात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. पर्यायाचे नसणे हा बहुधा बिघाड नसून ते एका प्रश्नाचे नकारार्थी उत्तर असते. तो प्रश्न कोण विचारतो, नकार कोण देतो व कोणत्या कारणास्तव देतो, याचा क्रमाने शोध घेतला म्हणजे उपाय आपोआप हाती येतो. आणि कित्येकदा तो नकार योग्यच होता, हेही कळून येते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. घोड नदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुक्यांची ठिकाणे. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती या दोन तालुक्यांतच आहेत. तथापि तालुक्यांचा मोठा भाग बागायती व जिरायती शेतीचा असून पुष्कळ कुटुंबे गावठाणापासून दूर, मळ्यातील वस्तीवर राहतात. शेतीपंपांच्या वाहिन्यांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने हा पुरवठा दिवसा देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तरीही वळवाच्या पावसात तुटलेली तार, रोहित्रातील बिघाड आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली वाहिनी या गोष्टी वस्तीवरील विद्यार्थ्यास नवीन नाहीत. त्याच्या प्रबंधाची अर्धवट प्रकरणे, उघडलेले संदर्भ आणि चालू असलेली गणिते वीज गेल्यानंतर टिकतात की नाही, हे प्रस्तुत दोन पर्यायांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा व फायलींची नावे या लेखात देवनागरीत लिहिली आहेत; यंत्रावर ती रोमन लिपीतील मूळ रूपात टंकित करावयाची असतात.

२. दोन अवस्थांतील भेद

'स्लीप' अथवा 'सस्पेंड' या अवस्थेस आपण निद्रा म्हणू. या अवस्थेत प्रक्रियक, पडदा व डिस्क थांबतात. मात्र रॅम या स्मृतीला अल्पसा वीजपुरवठा चालू राहतो, कारण तिच्यातील मजकूर विजेवाचून टिकत नाही. यंत्र काही क्षणांत जागे होते. पण पुरवठा पूर्ण तुटला तर जतन न केलेले सारे काम नष्ट होते.

'हायबरनेट' या अवस्थेस प्राणिशास्त्रातील संज्ञा उसनी घेऊन शीतनिद्रा म्हणतात. हिच्यात रॅममधील मजकुराची प्रतिमा डिस्कवर लिहिली जाते आणि यंत्र पूर्णपणे बंद होते. पुन्हा सुरू केल्यावर ती प्रतिमा वाचून काम होते तेथून पुढे चालू होते. उपमा येथे थोडी फसवी आहे. हिवाळ्यात भुईत दडून बसलेल्या बेडकाचा श्वास मंद चालूच असतो. त्या अर्थाने 'स्लीप' हीच खरी शीतनिद्रा ठरावी. संगणकाच्या 'हायबरनेट'मध्ये श्वास मुळीच नसतो. वहीत टिपण लिहून दिवा मालवावा आणि सकाळी ते टिपण वाचून पुढील काम सुरू करावे, असा तो प्रकार आहे. म्हणूनच दीर्घकाळ वीज नसली तरी त्याला बाधा येत नाही.

या दोहोंचा संयोगही शक्य आहे. 'हायब्रिड स्लीप' या प्रकारात प्रतिमा डिस्कवर लिहिली जाते व त्यानंतर यंत्र निद्रेत जाते. वीज टिकली तर ते रॅममधून त्वरित जागे होते, गेली तर डिस्कवरील प्रतिमेतून. बॅटरी नसलेल्या, इन्व्हर्टरवर थोडा वेळ तग धरणाऱ्या मेजावरील संगणकासाठी हा प्रकार विशेष उपयुक्त होय. मात्र शीतनिद्रेस लागणाऱ्या सर्व अटी यासही लागू असतात.

३. सूची स्वतः निर्णय घेत नाही

दौंड जंक्शनात पुण्याकडून येणारा लोहमार्ग सोलापूर व मनमाड अशा दोन दिशांस फुटतो. अशा स्थानकातील सिग्नल परस्परबद्ध असतात. सांधे योग्य दिशेस वळलेले व कुलूपबंद नसतील, किंवा पुढील मार्ग मोकळा नसेल, तर गाडीस पुढे जाण्याचा सिग्नल देताच येत नाही. लाल दिवा म्हणजे दिव्याचा बिघाड नव्हे. मागील एखादी अट अपुरी असल्याचे ते निवेदन असते. त्या दिव्यावर हिरवी काच बसवणारा मनुष्य अट पूर्ण करीत नाही. तो केवळ अपघाताची सोय करतो.

आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत याच प्रकारची साखळी असते. पडद्यावरील सूची 'सिस्टेमडी-लॉगिनडी' या सेवेस विचारते की, या यंत्रास निद्रा शक्य आहे काय, शीतनिद्रा शक्य आहे काय. ही सेवा पुढे तीन ठिकाणी चौकशी करते : प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, स्वॅप या डिस्कवरील राखीव जागेकडे, आणि परवानगीचे नियम सांभाळणाऱ्या 'पोलकिट' या यंत्रणेकडे. या चौकशीतून जे उत्तर निघते त्यावरून सूचीतील शब्द प्रकट होतो किंवा लपतो.

लॉगिनडीचे उत्तर मुख्यतः चार प्रकारचे असते. 'येस' म्हणजे मुभा आहे. 'चॅलेंज' म्हणजे संकेतशब्द दिल्यास मुभा आहे. 'नो' म्हणजे यंत्र समर्थ असले तरी नियमाने मनाई आहे. 'एनए' म्हणजे यंत्र, कर्नल किंवा स्वॅप यांच्या आजच्या स्थितीत ती गोष्ट शक्यच नाही. निदानाचा अर्धा भाग या चार शब्दांत सामावलेला आहे. 'बससीटीएल' या आज्ञेने लॉगिनडीच्या 'कॅनसस्पेंड' व 'कॅनहायबरनेट' या दोन विचारणा थेट करता येतात. हे परीक्षण त्याच यंत्रासमोर बसून करावे; दूरस्थ सत्रातून विचारल्यास परवानगीचे नियम वेगळे लागतात व उत्तर दिशाभूल करू शकते.

येथेच एक अपवाद नोंदवला पाहिजे. ग्नोम या प्रचलित मेजपटलाच्या सूचीत 'हायबरनेट' हा पर्याय रचनाकारांनी मुळातच ठेवलेला नाही; उत्तर 'येस' असले तरी तो दिसत नाही व त्यासाठी स्वतंत्र विस्तार बसवावा लागतो. केडीई प्लाझ्मा व एक्सएफसीई येथे मात्र उत्तर अनुकूल असल्यास पर्याय दिसतो. तेव्हा आपले मेजपटल कोणते, हा पहिला प्रश्न होय.

४. कर्नलचा नकार

उत्तर 'एनए' असल्यास प्रथम '/सिस/पॉवर/स्टेट' ही फाइल वाचावी. तीत 'फ्रीझ', 'मेम', 'डिस्क' असे शब्द आढळतात. 'डिस्क' हा शब्द नसेल तर कर्नल शीतनिद्रा देऊ करीत नाही. 'मेम' व 'फ्रीझ' दोन्ही नसतील तर निद्राही नाही. आभासी यंत्रांत असा अभाव पुष्कळदा आढळतो.

निद्रेच्या बाबतीत एक ऐतिहासिक स्थित्यंतर ध्यानात घेतले पाहिजे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये 'एसीपीआय' हे प्रमाणक प्रसिद्ध केले. त्यात निद्रेच्या पायऱ्या 'एस-१' पासून सांगितल्या असून रॅमखेरीज जवळजवळ सर्व काही थांबवणारी पायरी 'एस-३' होय. अलीकडील अनेक लॅपटॉपांत निर्मात्यांनी एस-३ काढून टाकून, यंत्र नाममात्र जागे ठेवून त्याचे भाग शक्य तितके शांत करणारी नवी पद्धत स्वीकारली. लिनक्समध्ये तिला 'एस-टू-आयडल' म्हणतात. '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' या फाइलीत 'डीप' हा शब्द असेल तर एस-३ उपलब्ध आहे. केवळ 'एस-टू-आयडल' असेल तर नाही. सूचीत 'सस्पेंड' हा शब्द दोन्ही प्रसंगी सारखाच दिसतो. पण दुसऱ्या प्रसंगी झाकण लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी रात्रभरात बरीच उतरू शकते. काही लेनोव्हो थिंकपॅड यंत्रांच्या बायॉसमध्ये 'विंडोज १०' व 'लिनक्स' अशी निवड दिलेली असून दुसरी निवड केल्यास एस-३ परत मिळते. अशी सोय नसलेल्या यंत्राच्या मालकाने शीतनिद्रेचाच विचार करणे श्रेयस्कर.

शीतनिद्रेच्या नकाराचे आणखी एक कारण 'सिक्युअर बूट' हे आहे. २०१९ साली कर्नलच्या ५.४ या आवृत्तीत 'लॉकडाउन' ही व्यवस्था अधिकृतपणे समाविष्ट झाली. सिक्युअर बूट चालू असल्यास फेडोरा, डेबियन, उबुंटू आदी वितरणांतील कर्नल ही व्यवस्था आपोआप लागू करतो आणि तिच्या अमलात शीतनिद्रा बंद राहते. त्यामागील तर्क असा : स्वाक्षरी तपासूनच कर्नल सुरू करावयाचा, ही सिक्युअर बूटची प्रतिज्ञा. परंतु डिस्कवर लिहिलेल्या प्रतिमेवर तशी स्वाक्षरी नसते; तिच्यात कोणी फेरफार केला तर तो जागे होताना थेट कर्नलच्या स्मृतीत शिरेल. '/सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन' या फाइलीत 'इंटेग्रिटी' किंवा 'कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी' हा शब्द चौकटी कंसात असेल, तर नकाराचे मूळ येथेच आहे. सिक्युअर बूट बंद करताच पर्याय परत येतो, हे खरे. पण ते कुलूप काढून टाकणे आहे, आणि यंत्र कोणाच्या हाती असते हे पाहूनच तसे करावे.

५. स्वॅपचा नकार

लिनक्समध्ये शीतनिद्रेची प्रतिमा स्वॅपच्या जागेत लिहिली जाते. ही जागा नसेल किंवा अपुरी असेल तर लॉगिनडी नकार देते. पर्याय 'पूर्वी होता, आता नाही' अशा तक्रारींपैकी अनेकींचे मूळ येथे सापडते, कारण गेल्या काही वर्षांत स्वॅपची रूढ मांडणीच बदलली. उबुंटूने २०१७ च्या १७.०४ या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत स्वतंत्र विभागाऐवजी स्वॅप-फाइल ठेवण्यास प्रारंभ केला. ही फाइल सामान्यतः रॅमहून पुष्कळ लहान असते. फेडोराने २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून 'झेडरॅम' स्वीकारले. झेडरॅम म्हणजे रॅमच्याच एका भागात संकुचित रूपात ठेवलेली स्वॅप. यंत्र बंद होताच ती नष्ट होणार. म्हणून प्रतिमा साठवण्यास ती सर्वथा निरुपयोगी होय. 'स्वॅपऑन' या आज्ञेने जागेची यादी पाहिली आणि तीत केवळ झेडरॅम आढळले, तर शीतनिद्रेचा पर्याय न दिसणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

जागा किती असावी? कर्नल प्रतिमेचा आकार प्रथमतः रॅमच्या सुमारे दोन-पंचमांशापर्यंत आणण्याचा प्रयत्न करतो. ८ जीबी रॅमच्या यंत्रात हा अंक ३.२ जीबी येतो. परंतु उघडलेले काम अधिक असल्यास प्रतिमा याहून मोठी होऊ शकते. तेव्हा २ जीबीची स्वॅप-फाइल अपुरी, आणि रॅमइतकी किंवा तिच्याहून थोडी अधिक जागा सुरक्षित, असे समजावे.

लॉगिनडीची चौकशी त्या क्षणाच्या स्थितीवर अवलंबून असते, हा मुद्दा पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. कार्यक्रमांनी त्या वेळी सक्रियपणे व्यापलेली स्मृती रिकाम्या स्वॅपच्या जवळजवळ मर्यादेपर्यंत पोचली, तर सेवा नकार देते. यामुळे सकाळी दिसणारा पर्याय सायंकाळी, न्याहाळकाची चाळीस पाने उघडी असताना, नाहीसा होतो आणि ती मिटल्यावर पुन्हा दिसू लागतो. हा लहरीपणा नसून हिशेब आहे. आणि नेमक्या कामाच्या गर्दीतच तो आड येतो, म्हणून जागा सढळ ठेवणे इष्ट.

६. नियमांचा नकार

उत्तर 'नो' असल्यास यंत्र समर्थ असूनही नियम आडवा आहे, असे मानून चालावे. उबुंटूने २०१२ च्या १२.०४ या आवृत्तीत शीतनिद्रा मुळातच बंद ठेवली, कारण अनेक यंत्रांवर ती भरवशाने जागी होत नव्हती. ही मनाई पोलकिटच्या नियमांद्वारे अमलात आणली गेली आणि ती उठवण्यासाठी 'पीकेएलए' या प्रत्ययाची एक फाइल लिहिण्याचा उपाय सर्वत्र प्रसृत झाला. तो उपाय आजही सांगितला जातो. पण पोलकिटच्या नव्या आवृत्त्यांत नियम जावास्क्रिप्ट भाषेत, 'रूल्स.डी' या निर्देशिकेत लिहावे लागतात. डेबियन १२ व त्यानंतरच्या वितरणांत जुन्या प्रकारची फाइल, तिच्यासाठी असलेले स्वतंत्र पॅकेज बसवल्याखेरीज, वाचलीच जात नाही. ती चुकीची आहे अशी सूचनाही मिळत नाही. उपाय जसाच्या तसा करूनही फळ न मिळण्याचे हे एक सामान्य कारण होय.

याखेरीज 'स्लीप.कॉन्फ' ही मांडणी-फाइल पाहावी. 'अलाउसस्पेंड' किंवा 'अलाउहायबरनेशन' यांपुढे 'नो' लिहिलेले असल्यास प्रशासकाने मुद्दाम मनाई केलेली आहे. आवृत्तीनुसार हिचे उत्तर 'नो' किंवा 'एनए' असे दिसू शकते, म्हणून दोन्ही प्रसंगी ही फाइल तपासावी. सतत चालू राहावयाच्या सर्व्हरवर 'स्लीप.टार्गेट' हे एकक 'मास्क' करून ठेवण्याची रीत आहे. असे जुने यंत्र पुढे प्रयोगशाळेत मेजावर आले की मनाई त्याच्यासोबतच येते.

७. जागे होण्याची तयारी

वरील सर्व अडथळे दूर होऊन पर्याय दिसू लागला, तरी कार्य अर्धेच झाले. यंत्र सुरू होताना प्रतिमा कोठे आहे हे कर्नलला कळले पाहिजे. यासाठी 'रिझ्यूम' या घटकात स्वॅप-विभागाची ओळख, आणि स्वॅप फाइलीत असल्यास 'रिझ्यूम_ऑफसेट' या घटकात तिचे डिस्कवरील स्थान सांगावे लागते. शिवाय आरंभिक 'इनिटरॅमएफएस' प्रतिमेत ती वाचण्याची सोय असावी लागते. सिस्टेमडीच्या २०२३ नंतरच्या आवृत्त्या यूईएफआय यंत्रांवर हे स्थान स्वतः नोंदवून ठेवतात. जुन्या बायॉस-पद्धतीच्या यंत्रांवर मात्र ते हातानेच सांगावे लागते. ही तयारी नसेल तर यंत्र शीतनिद्रेत व्यवस्थित जाते आणि पुन्हा सुरू करताच काही घडलेच नव्हते अशा रीतीने नवे सत्र उघडते. जतन न केलेले काम गेलेले असते.

म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम स्वॅप पुरेशी करावी; नंतर जागे होण्याची मांडणी पूर्ण करावी; सर्व काम जतन करून, एखादी निरुपयोगी खिडकी तेवढी उघडी ठेवून, 'सिस्टेमसीटीएल हायबरनेट' ही आज्ञा द्यावी; ती खिडकी परत मिळते असे दोन-तीन वेळा पडताळून पाहावे; आणि त्यानंतरच परवानगीचा नियम व सूचीतील शब्द यांकडे वळावे. ही आज्ञा नाकारली गेल्यास ती कारणही सांगते. अपुरी स्वॅप किंवा कर्नलचा अभाव असा निर्देश त्यात मिळतो. पुष्कळ मार्गदर्शनांत नेमका उलटा क्रम सांगितलेला असतो. शब्द आधी प्रकट केला जातो आणि तो खरा आहे की नाही याची परीक्षा वीज जाण्याच्या दिवशी होते.

८. दोन सावधानता

एक : ज्या यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही आहेत, तेथे एक प्रणाली शीतनिद्रेत असताना दुसरी सुरू करून सामाईक विभागावर लेखन करू नये. निद्रिस्त प्रणालीच्या स्मृतीत फाइलींची जुनी मांडणी असते. जागी झाल्यावर ती त्याच समजुतीने लिहू लागते व विभागाची हानी होते. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' हेही अंशतः शीतनिद्राच असल्याने त्यासही हाच नियम लागू आहे.

दोन : प्रतिमेत त्या क्षणीची संपूर्ण कार्यस्मृती उतरलेली असते. उघडलेली पत्रे, संकेतशब्द, प्रश्नपत्रिकेचा मसुदा, सर्वेक्षणातील कुटुंबांची माहिती हे सर्व स्वॅपमध्ये डिस्कवर पडून राहते. स्वॅप कूटबद्ध नसेल तर डिस्क हाती पडलेल्या कोणासही ते वाचता येणे शक्य आहे. विभागातील सामाईक यंत्रांवर शीतनिद्रा देण्यापूर्वी संपूर्ण डिस्क कूटबद्ध करावी; ते शक्य नसेल तर पर्यायाचे अदृश्य राहणेच हिताचे.

९. समारोप

मेजपटल, लॉगिनडीचे उत्तर, कर्नल, स्वॅप, नियम व जागे होण्याची मांडणी या क्रमाने चौकशी केली असता, पर्याय का दिसत नाही याचे कारण बहुतेक प्रसंगी सापडते. ते कारण पाहून निर्णय करावा. वस्तीवरील विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर पुरेशी स्वॅप, कूटबद्ध डिस्क व पडताळलेली शीतनिद्रा असणे, ही त्याच्या अभ्यासाची गरज आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील बॅटरी नसलेल्या संगणकास, तो सामाईक असल्यामुळे डिस्क कूटबद्ध असेल तरच, 'हायब्रिड स्लीप' द्यावी. इन्व्हर्टरची मुदत संपली तरी काम राहते. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यास एवढे निश्चित ठाऊक असावे की, आपल्या यंत्राच्या सूचीत जो शब्द आहे तो वीज गेल्यावर खरा ठरतो. आणि जो नाही, तो कोणत्या कारणाने नाही. ते ठाऊक होईपर्यंत दर काही वेळाने काम जतन करणे, हाच एकमेव निरपवाद उपाय होय.